बाहेरच्या बाजूचे भोक

मी, काशीराम सखाराम मेस्त्री, वय वर्षे ७९, धंदा पूर्वी बोटी बांधण्याचा, सध्या काही नाही, राहणार सुतारवाडी, भाट्ये, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे आणि हात कापतात, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला घरात दुसरे कोणी राहतच नाही. यापूर्वी २०१४ साली मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात सगळे मुलाला दिले होते आणि खरे असे काही लिहिले नव्हते. ते मी या लेखाने रद्द करतो.

मजकूर मी सांगितला आणि वकील तेजस्वी घाणेकर यांनी लिहून घेतला. वकीलबाई माझ्या नातीच्या वयाच्या आहेत. मृत्युपत्रात एवढे सगळे लिहीत नाहीत, असे त्यांनी मला तीनदा सांगितले. मी म्हटले, बाई, मरायचे मला आहे, तुम्ही फक्त कायद्यात बसवा.

कलम १. माझे कुटुंब. पत्नी दमयंती २०१९ साली वारली. एकच मुलगा, ओमकार, डोंबिवलीला असतो. माझा धाकटा भाऊ बाबल्या २०१२ साली हातखंब्याला वारला. त्याची बायको तुळसा हयात आहे आणि हायवेलगतच्या एका भाड्याच्या खोलीत एकटी राहते. त्यांना मूलबाळ नाही.

कलम २. भाट्ये येथील कातळावरची हापूसची अकरा झाडे, त्याखालची जमीन आणि बँकेत जे काही असेल ते सर्व ओमकारला मिळावे. घर त्याला मिळणार नाही. त्याला घराचे होमस्टे करायचे आहे. गेल्या मे महिन्यात त्याने फोटो काढले, तेव्हा मी पडवीत खुर्चीवर बसलो होतो. मला म्हणाला, बाबा, जरा बाजूला व्हा. त्याचा मला राग नाही. घर का मिळणार नाही हे त्याने पुढे नीट वाचावे आणि तुळसाकाकीशी कोर्टात भांडू नये.

कलम ३. हत्यारे. करवती, लाकूड तासायचे वाकस, रंधे आणि लहान भोकांचा सामता, त्याच्या दोरीच्या कमानीसकट, हे मिरकरवाड्यात जो कोणी अजून लाकडाचे काम करत असेल त्याने न्यावे. फारसे कोणी राहिलेले नाही. आता फायबरच्या बोटी आणि बॅटरीवरची ड्रिल मशीन. मशीन वाईट नाही, पण लाकूड आत कुठे नरम आहे, कुठे गाठ आहे, हे ती हाताला सांगत नाही.

लांब गिरमिट मात्र वेगळे ठेवावे. साडेतीन फुटी लोखंडी दांडा, टोकाला पीळ, वर आडवी फणसाची मूठ. दोन्ही हातांनी मूठ फिरवायची, छातीने रेटायचे, चार बोटे आत गेले की बाहेर काढून भुसा झाडायचा. हे गिरमिट तुळसाचे आहे. माझ्या वडिलांनी मरताना ते बाबल्याला दिले होते. मी थोरला असून मला दिले नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, बाबल्याचे भोक सरळ जाते. ते मला फार लागले, आणि ते मी कधी विसरलो नाही. बाबल्या हातखंब्याला गेला तेव्हा मी ते दिले नाही, दडवून ठेवले. तुळसाने ते भंगारात घातले तरी माझी हरकत नाही.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. वकीलबाईंना ते काढायचे होते. मी काढू दिले नाही.

बोटीला इंजिन बसवायचे म्हणजे पंख्याचा दांडा मागच्या जाड खांबातून बाहेर न्यावा लागतो. त्यासाठी खांबाला आरपार भोक पाडायचे. लाकूड चार फूट जाड. एका बाजूने एवढे सरळ पाडणे कोणाला जमत नाही, म्हणून एक भाऊ आतून आणि एक बाहेरून, दोघे मध्यावर भेटतात. त्याआधी इंजिनाच्या बैठकीपासून खांबापर्यंत सूत ताणायचे आणि बाहेरची खूण त्या सुतावर धरायची. शंभर बोटी बांधल्या असल्या तरी सूत ताणायचेच, असा वडिलांचा नियम होता. भोक झाले की आत दिवा लावायचा आणि बोटीच्या मालकाने बाहेर वाकून भोकातून बघायचे. दिवा दिसला की मालक मेस्त्रीच्या हातात नारळ देतो. मग पुढे कोणी काही विचारत नाही.

१९९७ च्या पावसाळ्यात आम्ही मिरकरवाड्याच्या सुलेमान होडेकर यांची बोट बांधत होतो. गडी लावणीला गावी गेले होते, शेडमध्ये आम्ही दोघेच. बाबल्या म्हणाला, सूत ताणू. मी म्हटले, मला डोळे आहेत. बाहेरची खूण मी नजरेने धरली. तो वडिलांचे गिरमिट घेऊन आतून लागला, मी माझे घेऊन बाहेरून. त्याच्या आधी मध्यावर पोचायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. भुसा काढायलासुद्धा मी थांबत नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांची टोके मध्याच्या पुढे गेली तरी भेटली नाहीत. माझे भोक तीन बोटे खाली होते.

बाबल्या बाहेर येऊन खाली वाकला. मग म्हणाला, "दादा, ह्यो खांब बदलूया. पान्यात ह्यो टिकायचा नाय." खांब बदलायचा म्हणजे दीड महिना, नारळी पौर्णिमा चुकणार, आणि सगळे बंदर विचारणार की चुकले कोणाचे. मी म्हटले, बदलायचा नाही. मी गिरमिट खाली टाकले, म्हणून बाहेरूनही बाबल्याच लागला, त्याने सूत ताणले आणि माझ्या भोकाच्या वर नवे भोक पाडले. ते बरोबर भेटले. माझ्या भोकात मी ऐनाच्या लाकडाची मेख ठोकली, कापूस आणि डांबर भरले, वरून रंग दिला. दोन भोकांच्या मध्ये बोटभर लाकूड राहिले होते. सुलेमानभाईंनी वाकून बघितले, दिवा दिसला म्हणाले, आणि नारळ माझ्या हातात दिला. मी तो घेतला.

बोट दोन वर्षे चालली. सप्टेंबर १९९९ मध्ये जयगडच्या बाजूला असताना पंख्याच्या हादऱ्यांनी ते बोटभर लाकूड फुटले आणि मेख निघाली. तिघे खलाशी दुसऱ्या बोटीने उचलले. सुलेमानभाई पाणी कुठून येते ते बघायला, चिंध्या घेऊन इंजिनापाशी खाली उतरले होते. ते वर आले नाहीत. चार दिवसांनी बोट ओढून किनाऱ्याला आणली, तेव्हा खांबाला दोन भोके सगळ्यांनी बघितली. सुलेमानभाईंच्या बायको ताजबी तिथे उभ्या होत्या. त्यांच्या दिराने विचारले, बाहेरून कोण होता? मी म्हटले, बाबल्या.

हे अर्धे खरे होते. दुसरे भोक त्याचेच होते. या अर्ध्या खऱ्यावर मी सव्वीस वर्षे काढली. बाबल्या माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितले आणि मान खाली घातली. थोरल्या भावाला भरल्या लोकांत खोटे पाडायचे नाही, एवढेच त्याला शिकवलेले होते. मी नालायक माणूस आहे. हे वाक्य वकीलबाईंनी खोडू नये.

कलम ५. घर. बाबल्याला बंदरावर कोणी काम देईना. २००० साली तो हातखंब्याला गेला आणि ट्रकच्या फळ्या ठोकू लागला. पुढच्या वर्षी मी त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली. मी सांगितले, होडेकरांनी केस केली तर घर जाईल, ते माझ्या एकट्याच्या नावावर राहू दे. कोणीही केस केलेली नव्हती. त्याने न वाचता सही केली. दमयंतीने त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरते बोलणे ठेवले. भावोजींना परत आणा, एवढे ती दरवर्षी गौरीला म्हणायची, आणि मी दरवर्षी बघू म्हणायचो. सबब, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले हे घर, त्याची पडवी, विहीर आणि मागील सुपारीची बाग, सर्व पूर्ण हक्काने तुळसा बाबल्या मेस्त्री हिला मिळावे. अर्धे तिचेच आहे. उरलेले अर्धे मी तिला देतो.

कलम ६. खाडीकाठची बोटी बांधण्याची शेड व जागा श्रीमती ताजबी सुलेमान होडेकर यांना मिळावी. हे कलम रद्द. कारण कलम ९ मध्ये आहे. शेड व जागाही तुळसालाच मिळावी.

कलम ७. अंत्यविधी. नाक्यावर माझा बॅनर लावू नये. फोटोखाली लोक काहीही छापतात, आणि माझ्या बाबतीत ते सगळे खोटे ठरेल. जाळायला आंब्याचे लाकूड घ्यावे. मोडक्या बोटीच्या फळ्या कोणी फुकट देऊ केल्या तरी घेऊ नयेत. शेजारी आप्पा शिवलकर यांच्या फणसाची फांदी अकरा वर्षे माझ्या कौलांवर पडून आहे आणि त्यावरून आमचे बोलणे नाही. फांदी तुळसाने तोडून घ्यावी. तरीही साक्षीदार म्हणून बोलावल्यावर आप्पा आला, आणि घरात येऊन त्याने आधी कौलेच बघितली.

कलम ८. माझ्या तेराव्याला कलम ४ मिरकरवाड्याच्या बंदरावर, मासळीचा लिलाव संपल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असे वाचून दाखवावे. ही जबाबदारी वकील तेजस्वी घाणेकर यांची. त्याच या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक राहतील. ओमकारकडे हे काम देऊ नये, तो दोन ओळी गाळील.

कलम ९. हे कलम नऊ दिवसांनी जोडले आहे.

वरचे सगळे लिहून झाल्यावर वकीलबाईंनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "आजोबा, ज्यांना हे सांगायचंय त्या हयात आहेत. तुम्ही पण आहात. मग तेरावं कशाला?" मला राग आला. मी त्यांना घालवून दिले. सात दिवस त्यांच्या नावाने बोटे मोडली. आठव्या दिवशी रिक्षा केली आणि मिरकरवाड्याला ताजबींच्या घरी गेलो. माफी मिळेल असे मला वाटत होते. खोटे कशाला सांगू, मी माफीसाठीच गेलो होतो.

ताजबी आता सत्तरीच्या आहेत. मी उभ्यानेच सगळे सांगितले. सूत, मेख, नारळ, किनाऱ्यावर घेतलेले नाव, सगळे. शेवटी म्हणाल्या, बसा. मग त्यांनी जे सांगितले ते मला ठाऊक नव्हते.

बाबल्या दरवर्षी सप्टेंबरात, सुलेमानभाई गेले त्या तारखेला, हातखंब्याहून एसटीने त्यांच्याकडे यायचा. माझ्या हातून झाले, भाबी, असे म्हणायचा आणि दाराबाहेर बसून राहायचा. त्याला वाटत असावे की कोणीतरी येऊन हे म्हटलेच पाहिजे. पहिली आठ वर्षे त्यांनी त्याला उंबऱ्याच्या आत घेतले नाही, पाणी विचारले नाही. एका वर्षी पाऊस होता, तेव्हाही तो बाहेरच बसला. नवव्या वर्षी त्यांनी त्याला आत बोलावले, चहा दिला आणि म्हणाल्या, जा, मी माफ केले. तो रडला, आणि जाण्याआधी त्यांचा मागचा दरवाजा नीट बसवून दिला. त्यानंतर चार वर्षांत तो वारला.

मग ताजबी म्हणाल्या, "मेस्त्री, माझ्याकडे माफी होती ती मी बाबल्याला दिली. त्यो घेऊन गेला. तुमच्यासाठी आता काय नाय."

मी मान डोलावली. त्या पुढे म्हणाल्या, "आनि आठ वर्षं त्याला मी उंबऱ्याबाहेर बसवला. त्याचं काय करू, ता सांगा."

माझ्या हातून एक माणूस बुडाला आणि एक भाऊ गेला, एवढेच मी धरून चाललो होतो. ताजबींच्या हातून झाले तेही माझेच आहे, आणि ते मी कोणत्याही कलमात कोणाला देऊ शकत नाही. शेडची जागा त्यांनी नाकारली. मी उठताना विचारले, दुसरा साक्षीदार मिळत नाही, तुम्ही सही कराल का? त्या म्हणाल्या, करीन, पण हे सगळे तुळसाला वाचून दाखवा आणि मी समोर असताना दाखवा. तेराव्याची वाट बघायची नाही.

म्हणून कलम ८ मधील तेराव्याची अट मी रद्द करतो. आज सकाळी तुळसाला हातखंब्याहून आणले. आप्पा आणि ताजबी यांच्यासमोर वकीलबाईंनी पहिल्या ओळीपासून इथपर्यंत सर्व वाचून दाखवले. तुळसाने शेवटपर्यंत ऐकले, घर घेते म्हणाली, आणि मी जिवंत असेपर्यंत ती पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही असेही म्हणाली. ते तिच्या सांगण्यावरून इथे नोंदवले आहे. उद्या लिलाव संपल्यावर कलम ४ मी बंदरावर स्वतः वाचणार आहे. डोळ्याने दिसले नाही तर पाठ म्हणेन.

वरील सर्व मजकूर माझा आहे, मी तो ऐकला आहे, समजून घेतला आहे आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही करत आहे.

ठिकाण : भाट्ये, रत्नागिरी
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार :
(सही) काशीराम सखाराम मेस्त्री

साक्षीदार :

१. (सही) आप्पा शिवलकर, राहणार सुतारवाडी, भाट्ये

२. (सही) ताजबी सुलेमान होडेकर, राहणार मिरकरवाडा, रत्नागिरी
साक्षीदाराने सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले : ह्यांनी माझ्यासमोर सही केली, एवढ्याची मी साक्ष देते. माफी दिलेली नाही.