कुंपणाला तूर

आई, आज मिहानमधल्या माझ्या ऑफिसात एका नव्या मुलीनं मला विचारलं, कंपाउंडला आडोसा म्हणून कोणती झाडं लावू, शेजारच्यांच्या गॅलरीतून सगळं घर दिसतं. मी लगेच सुरू झाले. अशोक लावू नकोस, तो उंच जातो आणि खालून विरळ होतो. बांबू लावशील तर बेटाचा लाव, नाहीतर तो शेजाऱ्याच्या घरात उगवेल. कामिनी सगळ्यात छान, मुळापासून दाट, पण सावकाश वाढते, तीन वर्षं धीर धरावा लागतो. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, कुणी एक विचारलं की मी दहा सांगते. ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला किती माहिती आहे!" मी वॉशरूममध्ये जाऊन रडून आले.

तुझ्या आजारपणाच्या वर्षी नंदनवन भागातल्या आपल्या घराशेजारी तीन मजले चढले आणि त्यांच्या जिन्याची खिडकी थेट आपल्या मागच्या अंगणात उघडली. केमोनं तुझे केस तेव्हाच गेले होते. जिन्यात पाऊल वाजलं की तू डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढायचीस आणि आत यायचीस. स्वयंपाकघरात येऊन उगाचच ओटा पुसायचीस. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं होतं की दिवाळी पाहतील, पुढचं काही सांगता येत नाही. तुला मी सांगितलं, रिपोर्ट चांगले आहेत. त्यानंतर मला घरात तात्पुरतं काहीच चालेना. हिरवी जाळी बांधू म्हणणाऱ्या माळ्यावर मी केवढी खेकसले! तीन वर्षांनी भिंत होईल अशी कामिनीची रोपं आणायची, असं मी ठरवून टाकलं.

जूनचे पहिले दिवस. माळी खड्डे खणतोय आणि तू मागच्या दारात पाटावर बसली आहेस. तू म्हणतेस, "तूर पेर वं तिथं. मामानं धाडलेलं बियाणं आहे डब्यात. दसऱ्यापर्यंत डोक्याच्या वर जाते. थंडीत मले मोकळ्या डोक्यानं उन्हात बसता येईन."

मी हसते. "आई, कुंपणाला कोणी तूर लावतं का? जानेवारीत वाळून जाईल. मग काय दरवर्षी पेरत बसायची?"

"मी दरसालचं कुठं म्हटलं वं? मी यंदाचं सांगून राहिली."

माळी थांबला. मी त्याला म्हणाले, खणा तुम्ही. मग कामिनीची पानं, फुलं, छाटणी, खत, सगळं मी तुला ऐकवलं, एका दमात, आजच्या त्या मुलीला ऐकवलं तसंच. तीन वर्षांनी आरामात बस म्हणाले. तू म्हणालीस, "लाव मंग. तुले जे बरं वाटते ते लाव."

माझ्यासाठी तू त्या रोपांनाही जीव लावलास. शेजारी उठायच्या आत मगानं पाणी घालायचीस. दिवाळीला कामिनी तुझ्या गुडघ्याला लागली. ऊन छान पडायचं, पण तू दाराच्या आतच बसायचीस, पाय तेवढे उन्हात, डोक्यावर घट्ट पदर. डिसेंबरात तू गेलीस.

आता कामिनी माझ्याहून उंच झाली आहे. जिना दिसत नाही. येणारे जाणारे कौतुक करतात. तिच्या आड कोणी बसत नाही, मलाही बसवत नाही. मी सगळ्यांना सांगते की आईला शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही, आणि लोक म्हणतात, किती सोसलंस एकटीनं.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहिते. तुला सगळं कळलं आहे, हे मला त्याच दिवशी कळलं होतं, तू "यंदाचं" म्हणालीस तेव्हाच. तू मला तुझ्या मरणाबद्दल सांगायला बसली होतीस आणि मी तुला झाडांच्या जाती सांगत राहिले. मूठभर दाणे तर पेरायचे होते. पण पेरले असते तर तुझं म्हणणं मान्य केल्यासारखं झालं असतं. मला भीती वाटली, आई.