खुंटात अडकलेली लाकडी मासोळी

मी, ओलेटा फे प्रुइट, कै. लॉन्झो प्रुइट यांची पत्नी, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार हॅनलिन मिल, जॉर्जिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी दोनदा लिहिले होते; ती दोन्ही रद्द समजावीत. डोके शाबूत आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही, म्हणून येत्या मंगळवारी डॉक्टर छाती उघडणार आहेत. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. एवढ्या वर्षांत ते कोणाला जमलेलेच नाही.

या कागदावर दोन साक्षीदार सही करतील. पहिला, तलावाकाठी आमिषांचे दुकान चालवणारा ब्यूएल हॅन्किन्स. दुसरी, माझी धाकटी बहीण व्हर्लीन टिडमोर. व्हर्लीनशी मी बत्तीस वर्षे बोललेली नाही, मग तीच का, असे ब्यूएलने विचारले. त्याचे कारण असे की, या राज्यात दोनच साक्षीदार असले तर त्यांतल्या कोणालाही मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकीलबाईंनी सांगितले. हे ऐकून मला फार दिवसांनी बरे वाटले. तिला काही द्यायचे नाही आणि वर त्या कागदावर तिचीच सही घ्यायची, ही युक्ती मला आवडली. निदान लिहायला बसले तेव्हा आवडली होती.

कलम १. माझे राहते घर, आतल्या सामानासह, लॉन्झोची भाची डार्ला हिला द्यावे. ती दर बुधवारी सूप आणते आणि घराचे काय करणार हे एकदाही विचारत नाही. मागच्या दाराच्या दुसऱ्या पायरीची फळी कुजली आहे, तिने जपून उतरावे. पेअरच्या झाडाला हात लावू नये.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझे दफन उरकावे आणि उरलेले चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे. दफनानंतरच्या जेवणात तळलेला कॅटफिश आणि मक्याचा पाव असावा. पास्टरच्या बायकोचे बटाट्याचे सॅलड नसावे. तिला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. मीही ते सॅलड वीस वर्षे गिळले आहे.

कलम ३. गळाच्या तिन्ही काठ्या, रिळे आणि आमिषांची हिरवी पेटी ओबी टॉलिव्हर यांना द्यावी. ओबी आणि मी पॉपलर फोर्क तलावाच्या एकाच काठावर सव्वीस वर्षे बास मासा धरत आलो. आमच्यात नेहमी चाळीस पावलांचे अंतर असते. त्यांच्या गळाचा तंगूस माझ्या तंगुसावर एकदाही आडवा पडलेला नाही. एवढे तर मी माझ्या लग्नाबद्दलही सांगू शकत नाही.

ते आले की टोपीला हात लावून विचारतात, "मिस ओलेटा, लागतंय का काही?"

मी म्हणते, "दोन बारकी. तुमचं कसं काय, मिस्टर टॉलिव्हर?"

"आपलंही तसंच."

दोघेही खोटे बोलत असतो आणि दोघांनाही ते माहीत असते. कोणत्या रंगाच्या आमिषावर लागले हे एकदा विचारले तर हसावे, दुसऱ्यांदा विचारले तर हवामानावर बोलावे, पण तिसऱ्यांदा विचारले तर खरे सांगावे, अशी आमच्या काठाची रीत आहे. ओबींनी तिसऱ्यांदा कधीच विचारले नाही. म्हणून इथे लिहून ठेवते: जांभळे रबरी गांडूळ, शेपटीचे टोक कापून. रबरी बेडूक फक्त शेवाळावर, आणि मासा त्यावर उसळला की मनात दोन मोजेपर्यंत काठी ओढू नये. पत्र्याची फिरकी गढूळ पाण्यात. पेटीतल्या तळाच्या कप्प्यात एक निळी फिरकी आहे. ती त्यांचीच आहे. २००९ साली वाऱ्याने माझ्याकडे आली, ती मी परत दिली नाही.

कलम ४. माझी पांढरी बादली, जी पालथी घालून मी काठावर बसते, ती माझ्याबरोबर पुरावी. शवपेटीत मावत नसेल तर पायाशी मातीत ठेवावी. ती व्हर्लीनच्या बुडाखाली जाता कामा नये.

कलम ५. काठावरची माझी जागा, म्हणजे ओकच्या बुडालेल्या खुंटासमोरचा सपाट खडक, मला कोणाच्या नावे करता येत नाही, कारण काठ सरकारचा आहे. तरी जो तिथे बसेल त्याने तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्यावा, वसंतात अंड्यांनी भरलेली मादी लागली तर ओल्या हाताने धरून सोडून द्यावी, आणि मोठा मासा लागला म्हणून बोंब ठोकू नये. बोटवाल्यांसाठी नियम एकच आहे. काठावर माणूस दिसला की लांबून जावे. तुम्हाला सगळा तलाव आहे, आम्हाला पाय ठेवण्यापुरता खडक.

आता बोटीचा विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. व्हर्लीनने हॉयट टिडमोरशी लग्न केले. हॉयटला मालवाहू ट्रकांचा धंदा होता, दात सरळ होते, आणि त्याने तिला चमकत्या लाल रंगाची बोट घेऊन दिली. त्या बोटीला तळाला गालिचा होता. मी एकतीस वर्षे गालिच्यांच्या गिरणीत उभी राहिले, कानांत अजून यंत्रे घुमतात, आणि माझ्या घरात फरशीवर नुसते लिनोलियम. माझी बहीण मात्र गालिच्यावर उभी राहून मासे धरी. स्पर्धेत जाई, नाव छापलेला सदरा घाली. चर्चमध्ये बायका तिला विचारत, "अगं व्हर्लीन, या वेळी केवढा लागला?" आणि मी शेजारीच बसलेली असे. मला कोणी विचारत नसे. माझा जळफळाट होई. हे मी याआधी कोणाजवळ बोलले नाही, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात.

बोटीच्या आधीही एक गोष्ट आहे. डॅडींनी आयुष्यात गळाला आमिष म्हणून लावायची एकच मासोळी कोरली. सीडरच्या लाकडाची, बोटभर लांब. ओढली की पाण्यात बुडी मारावी म्हणून पुढे तपकिरीच्या डबीच्या पत्र्याचा ओठ लावलेला, आणि पोटावर तापल्या खिळ्याने डागलेली त्यांची अक्षरे. आम्हा दोघींना त्यांनीच त्या खडकावर उभे करून गळ फेकायला शिकवले. मी थोरली. मासोळी दिली व्हर्लीनला.

मी विचारले, "आणि मला काय?"

डॅडी म्हणाले, "तुला हात दिलाय ना देवानं. तिला नाही दिला, म्हणून तिला हे."

आज कोणीही सांगेल की यात माझे कौतुक होते. मला तेव्हा फक्त रिकामा हात दिसला. पुढे साठ वर्षे तोच दिसत राहिला.

कलम ६. हे कलम मालमत्तेचे नाही. वकीलबाईंनी ते गाळायला सांगितले. मी गाळणार नाही.

१९९१ च्या मार्चअखेरीस त्या खुंटाजवळ मला एक बास दिसली. पाण्यात ती वळली तेव्हा मला आधी कोणाचे कुत्रे पोहते आहे असे वाटले. दोनदा माझ्या आमिषाला लागली आणि दोनदा सुटली. रविवारी चर्चनंतर मला राहवले नाही आणि मी व्हर्लीनला सांगून बसले. तिचे डोळे लकाकले. म्हणाली, "ओली, गुरुवारी जाऊ या. दोघी. बोट नको, काठावरूनच. डॅडींची मासोळी आणते मी." मी हो म्हटले.

बुधवारी पहाटे मी एकटीच गेले. व्हर्लीनआधी मला ती बास हवी होती. काही लागले नाही. गुरुवारी तिच्यासमोर रिकाम्या हाताने उभे राहायचे, आणि न जाणो मासा तिच्याच गळाला लागला तर तेही बघायचे, म्हणून मी मुद्दाम गिरणीत जादा पाळी मागून घेतली आणि तिला कळवले नाही. बादली मात्र बुधवारी खडकावरच विसरून आले होते.

त्या गुरुवारी संध्याकाळी ब्यूएलच्या दुकानातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले होते: व्हर्लीन टिडमोर, दहा पौंड तीन औंस. फळ्यावरचा तो आकडा अजून कोणी पुसलेला नाही. दुकान माणसांनी भरले होते. मी विचारले, "कशावर लागली?"

"डॅडींच्या मासोळीवर."

"दाखव."

"नाही गं माझ्याकडे. नंतर पुन्हा फेकली ती खुंटात अडकली, तंगूस तुटला. मी तुझी वाट बघत—"

"खोटारडे! बोटीतून आलीस तू. माझ्या खुंटावर बोट घातलीस. बोट असल्यावर कुणीही धरेल, त्यात काय मर्दुमकी!"

"ओली, देवाशपथ काठावर होते. तुझ्याच खडकावर."

"चोर ती चोर, वर देवाचं नाव!"

हे मी वीस-पंचवीस लोकांसमोर बोलले. बोटवाली काठाच्या माणसाची जागा मारते याहून मोठी शिवी आमच्याकडे नाही. तिने स्पर्धा सोडल्या. मी पुढचे दोन दिवस काठावरून पाहिले तर ती खुंटाभोवती बोट फिरवत वल्ह्याने तळ ढोसत होती. मी सगळ्यांना सांगितले, बघा, आता तर उघड उघड येते. ती मासोळी शोधत होती. पण जळत्या डोळ्याला हवे तेच दिसते.

कलम ७. २०१८ च्या जानेवारीत धरणाच्या दुरुस्तीसाठी तलाव कधी नव्हे इतका उतरवला. पाणी उतरले की आम्ही काठावरची माणसे चिखलात शिरून खुंटांत अडकलेली आमिषे गोळा करतो. सुगीनंतर शेतात सरवा वेचतात तसे. ज्याला सापडेल त्याचे. ओकचा खुंट पहिल्यांदाच मुळापर्यंत उघडा पडला होता. मी गुडघाभर चिखलातून तिथवर गेले.

मासोळी तिथे होती. रंग गेला होता, गळ गंजून काळा पडला होता, पण अक्षरे वाचता येत होती. आणि ती खुंटाच्या पलीकडच्या अंगाला, तलावाकडच्या बाजूला रुतलेली होती, पत्र्याचा ओठ काठाकडे करून.

ज्याने गळ टाकला आहे त्याला पुढचे सांगायला नको. इतरांसाठी लिहिते. काठावरचा माणूस खुंटापलीकडे फेकतो आणि आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याचे आमिष पलीकडून अडकते. बोटीतला काठाकडे फेकून तलावाकडे ओढतो, त्याचे अलीकडून अडकते. व्हर्लीन माझ्या खडकावरच उभी होती. ती खरे बोलत होती.

दुसरी एखादी असती तर त्याच दिवशी तिच्या दारात गेली असती. मी मासोळी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकून फडताळाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि सहा वर्षे गप्प बसले. याचेही कारण लिहिते, मग माझे पोट रिकामे होईल. ती बोटीतून आली असे धरले होते तोवर मला सोसत होते. बोट नसती तर तिला काय जमले असते, असे म्हणता येत होते. आता कळले की तिने ती काठावरूनच धरली, माझ्याच खडकावरून, माझ्यासारखीच दोन पायांवर उभी राहून, देवाने हात दिला नव्हता तरी. मग तर मी अधिकच जळले.

कलम ८. वर लिहिलेल्या मासोळीची विल्हेवाट कशी लावावी यावर मी तीन दिवस विचार केला. ज्याला सापडेल त्याचे ही काठाची रीत खरी, पण तिच्यावर डॅडींची अक्षरे आहेत आणि डॅडींनी ती मला दिलेली नाही. जे आपले नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही. शिवाय व्हर्लीन साक्षीदार असल्याने मेल्यावर माझ्याकडून तिला काहीच पोचणार नाही. ही तजवीज माझीच. तेव्हा ती मला जिवंतपणी, हातातच द्यावी लागेल. ब्यूएलने तिला फोन केला आहे. शनिवारी दहाला येते म्हणाली. पेनाशेजारी कॉफीचा डबा ठेवला आहे. सहीआधी तिने हा कागद पहिल्या ओळीपासून वाचावा. मला तोंडाने सांगता येणार नाही.

आणि ब्यूएलने फळ्यावर तिच्या नावापुढे 'काठावरून' एवढे खडूने लिहावे.

सही: ओलेटा फे प्रुइट
हॅनलिन मिल, जॉर्जिया. शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४.

साक्षीदार पहिला: माझ्यासमोर सही केली. डोके ठिकाणावर आहे, जीभही आहे. फळ्यावर लिहितो. ब्यूएल हॅन्किन्स.

साक्षीदार दुसरी: सही माझ्यासमोर झाली. कागद वाचला. साक्षीदाराने दोन ओळींत आटपावे असे ब्यूएल म्हणतो, पण बत्तीस वर्षे मला कोणी बोलू दिलेले नाही. मासा साडेनऊला लागला. ओलीच्या बादलीत तो मावत नव्हता, शेपटी बाहेर राहत होती. एक वाजेपर्यंत मी त्या बादलीतले पाणी बदलत बसले. तो आधी ओलीच्या हातात द्यायचा होता. तिचा होता तो. शेवटी तो आडवा पडायला लागला, तेव्हा दुकानात नेला. व्हर्लीन टिडमोर.

पुरवणी, त्याच दिवशी, त्याच साक्षीदारांसमोर: कलम ४ रद्द. बादली पुरू नये. मंगळवारी मी उठले नाही तर ती खडकावर नेऊन ठेवावी, ज्याला सापडेल त्याची. व्हर्लीनला रीत माहीत आहे. उठले, तर एप्रिलच्या पहिल्या गुरुवारी आम्ही दोघी काठावर जाणार आहोत. उजवीकडची जागा माझी, बादलीही माझी. तिने बसायला आपले काहीतरी घेऊन यावे.

ओलेटा फे प्रुइट
ब्यूएल हॅन्किन्स
व्हर्लीन टिडमोर