अतीत कोण?

राजूर, पिठोरी अमावस्या, १९७६

आजही मायला सांगायचं राहिलंच. पुण्याची नोकरी पक्की झालीय, पुढच्या महिन्यात जायचंय, एवढंच. पण तोंडातून निघेना.

दुपारी रेडिओवर सांगत होते, अमेरिकेत मे महिन्यात आईचा दिवस आणि जूनमध्ये बापाचा. जपानात पोरं त्या दिवशी आईला लाल फुलं देतात. लांब राहणारी डाकेनं कार्ड पाठवतात. किती सोपं! कार्ड टाकलं की मोकळे.

आपल्याकडं आज आई पाठमोरी बसते, खीरपुरीचं ताट खांद्यावरून मागं धरते आणि विचारते, "अतीत कोण?", म्हणजे दारी आलेला पाहुणा कोण? मागच्या लेकरानं "मी" म्हणून ताट घ्यायचं. एका लेकराला एक ताट. दोघं भाऊ कधीचेच मुंबईला गेले, पण आईची ताटं अजून तीनच. आणि तिन्हींच्या मागं मी एकटा.

पहिलं ताट आलं. "मी, दत्ता." दुसरं आलं. "मी, सुभाष." तिसरं माझं. "मी" म्हणायच्या आधी आता सांगूनच टाकू म्हटलं. ताट तसंच खांद्यावर धरून ती वाट बघत राह्यली, वळून बघायचं न्हाई असा रिवाज.

"अतीत कोण? बोल की जल्दी, हात भरून आला."

"मी हाय, माय."

नोकरीचं सोडून हेच का बोललो? तिन्ही ताटांची खीर मीच खाल्ली. भावांच्या नावानं मी "मी" म्हणतो. मी गेल्यावर माझ्या नावानं कोण म्हणणार?