आक्काचा प्रश्न आणि चीफ कॉन्स्टेबल धोंडप्पा

उदगीर,
बुधवार

चि. धम्मप्रिया हिला अश्वजित मामाचा प्रेमाचा जयभीम.

इकडं सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून. तोही ऊन तापल्यापासून जरा बरा वागतो. तिकडच्या थंडीत स्वेटर घालतेस ना? वर्दीच्या आत घालू देतात का, तेही कळव.

तुझी आई, म्हणजे माझी आक्का, अजून तुझा फोन उचलत नाही, हे मला ठाऊक आहे. इंग्लंडात कंपनीची चांगली नोकरी सोडून पोरगी पोलीस झाली, हे तिला पचलेलं नाही. समजवायला गेलो की एकच म्हणते, "तुझे दाजी चोरीची तक्रार द्यायला गेले होते, तर दिवस मावळेपर्यंत चौकीच्या दारात उभं केलं त्यांना. त्याच दाराच्या आत माझी लेक बसणार?" यावर निवृत्त मास्तरानं काय करावं? मग मास्तर जे करतो तेच मी केलं. व्याख्यान ठेवलं.

जागा विहाराचं सभागृह, विषय ‘इंग्लंडातील एका परगण्याचं पोलीस दल : इतिहास आणि रचना’. (माणसं यावीत म्हणून चहा आणि फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला ठेवला होता. माणसं आली.) भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर पहिल्याच चित्रावर अडकला, आणि ते चित्र पोलिसांच्या घोड्याचं होतं. त्यामुळं सगळा इतिहास मला घोड्यासमोर उभं राहून सांगावा लागला. पूर्वी तिकडं लहानलहान शहरांचे आपापले शिपाई असत. पुढं परगण्याचं एक दल झालं, त्यात शेतमजुरांची पोरं भरली. बरीचशी दारूपायी घरी गेली, काहींनी लोकांचे दगड खाल्ले, आणि हळूहळू शहरांची दलंही त्यात मिळाली. (मागच्या रांगेला शेवटपर्यंत वाटत होतं की दलाचे संस्थापक म्हणजे तो घोडाच.)

मग पदांकडं वळलो. तिथं दलाच्या सगळ्यात वरच्या साहेबाला चीफ कॉन्स्टेबल म्हणतात, असं सांगितलं, तर आपले शेजारी धोंडप्पा उठून उभे राहिले. ते हेड कॉन्स्टेबल म्हणून रिटायर झालेत, तुला ठाऊकच आहे.

"मास्तर, पुन्हा एकदा सांगा."

पुन्हा सांगितलं.

"म्हंजे सगळे साहेब त्या कॉन्स्टेबलला सलाम ठोकतेत?"

"ठोकतात."

ते खाली बसले, पण आधीपेक्षा उंच दिसू लागले. (दुसऱ्याच दिवशी त्यांनी घरावरची पाटी रंगाऱ्याकडं दिली.) बहुतेक शिपायांकडं बंदूक नसते, हे ऐकून मात्र सभा अस्वस्थ झाली. मग करतात काय, असं कुणीतरी विचारलं. बोलतात, असं मी सांगितलं. ते कुणाला खरं वाटलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आक्का उठली. ती आलीय, हेही मला माहीत नव्हतं.

"अश्वजित, तिथं तक्रार घेऊन आलेल्या गरिबाला बसायला खुर्ची देतेत का?"

माझ्या टिपणांत स्थापना होती, पदं होती, घोडे होते; खुर्ची नव्हती. मी पाणी प्यालो. धोंडप्पा पुन्हा उठले, या वेळी सावकाश.

"बाई, तिथलं मला ठाव न्हाई. इथलं ठाव हाय. खुर्ची सरकार देत न्हाई, आत बसलेलं माणूस देतंय. आता आत तुमची लेक हाय."

आक्का खाली बसली, आणि सभा संपल्यावर सुशीला न खाता निघून गेली. सकाळी भीत भीत तिच्या घरी गेलो, तर दाजींच्या मोबाईलवर तुझा वर्दीतला फोटो मोठा करून बघत बसली होती. "टोपी शोभतेय हिला," एवढंच म्हणाली. दाजी गडबडीनं चहा टाकायला गेले आणि साखरेच्या जागी मीठ घालून आले. आम्ही तिघंही तो चहा पूर्ण प्यालो.

मन लावून काम कर.

तुझा,
अश्वजित मामा

ता. क. आक्का म्हणते, फोन लेकीनं करायचा. पहिल्या घंटीला उचलायचा नाही, असं तिनं ठरवलंय, तेव्हा लगेच ठेवून देऊ नकोस.

आणखी ता. क. पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. मी ज्या दलाचा इतिहास सांगितला ते तुझं नाही, शेजारच्या परगण्याचं आहे, असं काल लक्षात आलं. नावं फारच सारखी आहेत. आता सभेला हे सांगणं बरं दिसणार नाही. तेव्हा तिकडं बदली मिळते का, बघ.