अठ्ठावीस गाठी

शनिवार, ९ डिसेंबर

ती. ताईस,
नमस्कार.

एकाच गावात राहून पत्र पाठवतोय म्हणून हसशील. पण दोन दिवसांत तीनदा आलो आणि तीनदा तुझं दार बंद. आत शिलाई मशीन चालू होतं आणि मी कडी वाजवली की थांबत होतं. मग काय करू? लॉन्ड्रीवाल्या मावशी तुझ्याकडे ब्लाउज टाकायला येणारच होत्या, त्यांच्या हाती हे देतोय.

इकडे सगळं ठीक आहे. खोकला गेला. कामावरून मला तूर्त घरी बसवलंय, ते तुझ्या कानावर आलंच असेल.

गुरुवारच्या सभेबद्दल भाऊजींनी तुला काय सांगितलं असेल, याचा अंदाज आहे. मी पाहिलं ते मी सांगतो.

विषय दोनच होते, अंदाजपत्रक आणि उंचीचा उपविधी. दोन्ही एकमेकांत अडकलेले. पाण्याची टाकी गळतेय आणि तिजोरीत खडखडाट. तलावाकाठी तीन मजल्यांच्या वर बांधायचं नाही, हा नियम सैल केला की भाऊजींचं हॉटेल नऊ मजल्यांचं होणार आणि त्याच्या करातून टाकी दुरुस्त होणार. उंची वाढवायची तर आधी जागेवर फुगा चढवायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. दोराला मीटरमीटरवर गाठी, आणि एकेक गाठ हातातून वर जाते तसे लोक मोठ्याने मोजतात. जेवढ्या गाठी तेवढी इमारत, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

मंगळवारी मी फुगा चढवला. सगळ्यांनी अठ्ठावीसपर्यंत मोजलं. खोलीएवढा लाल फुगा, पण त्याची सावली रस्त्यातच थांबली. मावशी म्हणाल्या, "एवढंच होय? मग बांधू दे की! रस्त्यापलीकडच्या आपल्या वाळवणाला कुठे आडवं येतंय?" लोक हसत घरी गेले. कोणी दोराला हातसुद्धा लावला नाही. मला शाबासकी मिळाली ताई, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

आता खरं सांगतो. गाठी मीटरवर नव्हत्या. वीतभर कमी होत्या, प्रत्येक गाठ. भाऊजी म्हणाले होते, "फार नाही रे, थोडं हातचं राखून बांध." नगरपालिकेतली ही मोजणीदाराची नोकरी मला त्यांच्या शब्दावर लागली. नाही म्हणायला जीभ उचलली नाही. आणि त्या गाठी मी बांधल्या गेल्या रविवारी दुपारी, तुझ्याच अंगणात बसून. तू चहा ठेवलास. दोराकडे पाहिलंस. "चहा गार होईल," एवढंच म्हणालीस आणि आत गेलीस.

गुरुवारी टाकीवरून तासभर भांडण झालं. मग नगराध्यक्षबाईंनी चष्मा पुसत नेहमीचा प्रश्न विचारला, "मोजणीदार, दोर बरोबर होता?" माझ्या आधीच्या मोजणीदारांनी एकतीस वर्षं याला "बरोबर" म्हटलं, आणि तो बरोबरच असायचा. म्हणून तर हा प्रश्न विचारताना कोणी मान वर करत नाही. कारकुनाने माझं उत्तर आधीच लिहूनही टाकलं होतं.

मी म्हणालो, "नाही."

वाटलं, आता चपला पडतील. पण बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "चला बाहेर. पुन्हा बांधू." अंदाजपत्रक टेबलावर तसंच टाकून सगळे सदस्य उठले.

ताई, तुला ते दिसायला हवं होतं. दोर रस्त्यावर पसरला. मी पिशवीतून तुझा, कधीचा मागून नेलेला कापडी टेप काढला आणि जरा थांबलो. लोकांना वाटलं, घाबरला. मग मी माप दाखवत गेलो आणि गाठ मारायला प्रत्येक वेळी नवा माणूस वाकला. नाववाला, बेकरीवाला, मावशी, विरोधी पक्षाचे दोघं, खुद्द बाई. पंधरावी गाठ भाऊजींनी मारली. खाली मान घालून, पण घट्ट मारली. हे तुला त्यांनी सांगितलं नसेल, म्हणून मुद्दाम लिहितोय.

फुगा सोडला. सगळं गाव मोजत होतं. बाविसाव्या गाठीला सावली मंगळवारच्या जागी आली आणि थांबली नाही. तेविसाला रस्ता ओलांडला. पुढे आवाज बारीक होत गेले. अठ्ठावीस मोजलं तेव्हा मोजणारे चारपाचच उरले होते, बाकीचे तोंड उघडं टाकून वर बघत होते. सावली वाळवणाच्या पटांगणात शिरून अगदी शेवटच्या दोरीवर चढली. त्याच दोरीवर आई चादरी घालायची आणि आपण दोघं खाली लपायचो, आठवतं? तिथली एक चादर लाल-काळी झाली. एवढी उंची कागदावर मी शंभरदा काढली होती, पण ती किती असते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. एवढं मोठं गाव माझ्या हातातल्या दोरावर विसंबून होतं, हेही.

उपविधी सैल करायचा ठराव सातास चार मतांनी पडला. टाकी गळतेय तशी गळणार, पाणी एक दिवसाआड येणार. नाववाला म्हणाला, "आंघोळीचं बघू हो, ऊन तर रोजचं राहिलं!" हॉटेल तीन मजल्यांवर आलं. भाऊजींचं दोन वर्षांचं काम गेलं आणि ते माझ्यामुळे गेलं. तू दार उघडलं नाहीस तर तुझं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नाही, भाऊजींना तर नाहीच, आणि सांगणारही नाही. मी रस्त्यात थांबलो ते भीतीने नाही. तुझ्या टेपवर बरोबर एक मीटरच्या खुणेशी लाल दोऱ्याचा टाका होता. गेल्या शनिवारपर्यंत तो तिथे नव्हता. रविवारी माझी पिशवी दिवसभर तुझ्या मशीनपाशी टांगलेली होती, आणि एवढा बारीक टाका गावात दुसऱ्या कोणाला घालता येत नाही.

हे वाचलंस की चुलीत घाल. टेप माझ्याकडेच ठेवतो. उद्या रविवार आहे. येऊन तुझ्या पायरीवर बसेन. दार नको उघडूस, नुसतं मशीन थांबवू नकोस.

तू न बोलता ज्याला सांगितलंस, तो
तुझा बारक्या