हातांना उत्तर

टेमघर, भिवंडी
१२ ऑगस्ट १९९१

हरीदादा,

तुला वाचता येत नाही, म्हणून हे पोस्टात टाकणार नाहीये.

मी बहिऱ्या मुलांना शिकवायचा डिप्लोमा करतेय. बाई सांगतात, "खुणांना उत्तर द्यायचं नाही, मग बोलतील झक मारत!" तुला ऐकू येत नाही, तरी आईच्या सांगण्यावरून घरी तुझ्याशी मीही तेच करायचे. तू पाण्याची खूण केलीस की तोंड फिरवायचे. तू कामाला जायचास तिथे लूमच्या खडखडाटात मात्र सगळेच कामगार हातांनी बोलायचे. त्यांच्याबरोबरच तू सुरतेला गेलास.

आज पाठ घेताना एका मुलीने तुझ्यासारखीच पाण्याची खूण केली. मी पाणी दिलं. बाईंनी मला नापास केलं.

दादा, स्वतःच्या कानाची पाळी ओढून मला हाक मारायचास ना? एकदा मार. मी तोंड फिरवणार नाही.

तुझीच,
सुनीती