फोनमधले आबा

६ तारीख, सोमवार
पुन्हा फोन! सूनबाई रोज संध्याकाळी भांडी घासता घासता ठकीशी बोलते. फोन खिडकीत उभा, आवाज मोठा. शेजारीण घसरली, दूध नासलं, पडदे धुतले – कॉलेजातल्या पोरीला काय करायचंय पडद्यांशी! पण ठकी खिदळते. "मग गं आई? पुढे?"
मी इथे दाराआड खुर्चीत. नात माझीही आहे की नाही?

७ तारीख
आजही माझं नाव निघालं नाही. मुद्दाम खोकलो. सूनबाई म्हणाली, "थांब हं, आबांना पाणी देते." बस्स, तेवढंच.

९ तारीख
पोटात दुखतं माझ्या, लिहून टाकतो. दात पडला तेव्हा ठकी पहिली माझ्याकडे धावली होती. गणितात नापास झाली तेव्हाही – "आबा, आईला तुम्ही सांगा ना!" सांगितलं. बोलणी मी खाल्ली. आता सगळं आईला! आणि सांगते तरी काय? "मस्त चाललंय गं." रोज तेच.

१० तारीख
आज नाव निघालं!
"मोरीतला नळ गळत होता ना? आबांनी केला दुरुस्त. हात अजून तस्साच आहे त्यांचा."
"आबा म्हणजे आबा!" ठकी ओरडली.
नळ गळतोय. खाली बादली लावलेली आहे. जन्म गेला माझा लोकांचे नळ बसवण्यात, आता मुठीत पाना सोडा, चहाचा कप ठरत नाही.
मग ठकी खूश झाली कुणावर? त्या फोनमधल्या आबावर! मेल्याचा हेवा वाटला.

११ तारीख
सूनबाईला विचारलंच, "खोटं का सांगितलंस?"
"सकाळी उठल्या उठल्या तिचा मेसेज असतो, आबा काय करतायत? रोज काय कळवू? खुर्चीत बसलेत, माझ्यावर रुसलेत?"
रोज विचारते होय!

१३ तारीख
ठकी शनिवारी येतेय! मध्येच कशी? असेल सुट्टी. पण नळ! आल्या आल्या नळ बघणार ती.
सूनबाईच्या हातात पाना दिला, मी शेजारी स्टुलावर. "डावीकडे फिरव. अगं, डावीकडे!" पाण्याचा वरचा कॉक आधी बंद करायला सांगायचं विसरलो – मी! फवारा थेट छताला. दोघंही चिंब.
"हात अजून तस्साच हं, आबा!" म्हणाली आणि हसता हसता ओल्या फरशीवरच बसली. मलाही हसू आवरेना.
नवा वॉशर बसला. आता थेंब नाही.

१७ तारीख
बसथांब्यावर उद्या मी जाणार. सूनबाईला बजावलंय – तू घरीच थांब. रोज तूच बोलतेस, उद्या पहिलं मला भेटू दे.
बस चुकली तर? तिने मला लगेच ओळखलं नाही तर?

१८ तारीख, शनिवार
ठकी उतरली. मागोमाग ट्रंक, बादली, गुंडाळलेली गादी – सगळंच.
गळ्यात पडली. "आबा, कॉलेज सोडलं मी. आईला तुम्ही सांगाल?"
पहिलं मला सांगितलं.
गादीची एक बाजू मी धरली. हाताचा कंप तिने पाहिला. माझ्या बाजूलाही तिने हळूच हात लावला.